पाय ठेवला की वाह गायब

‘मामा, टेबलावर नीट वाजतंय, पण पाय ठेवला की वाह गायब!’ भाच्याचं हे एक वाक्य म्हणजे निम्मी दुरुस्ती होती. वस्तू आणणारे बहुतेक लोक ‘बंद पडलंय’ एवढंच सांगतात. कधी चालतं आणि कधी नाही, हे त्यानं नेमकं हेरलं होतं.

गिटारचं हे वाह पेडल आम्ही दोघांनी देवळाली प्रवरात, माझ्या घरीच बनवलेलं. पंजा दाबला की सुराचा तीक्ष्ण भाग वर येतो, टाच दाबली की तोच सूर घुमा होतो. १९६६च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या इंजिनिअरच्या हातून हे सर्किट घडलं आणि ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये बसवलं गेलं. रचना अजून जवळपास तीच आहे: दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल, ९ व्होल्टची बॅटरी. कॉइल साधारण ५०० मिलिहेन्रीची लागते. आम्ही ती जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरमधून मिळवली. कंट्रोल फिरवायला त्याच रेडिओच्या डायलची दोरी कामी आली. तळ पत्र्याचा.

बॅटरी, जॅक, केबल, कंट्रोल सगळं ठीक होतं. मग मी आवाजाकडेच कान लावला. पाय ठेवल्यावर गिटार ऐकू येत होती, फक्त वाह नव्हतं. या सर्किटमध्ये कॉइलला समांतर ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो. कॉइल तुटली तरी पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला त्या रेझिस्टरमधून व्होल्टेज मिळत राहतं, त्यामुळे आवाज पार होतो. कॉइल आणि कपॅसिटर मिळून जो ठरावीक पट्टा उचलतात, तो मात्र उरत नाही. म्हणजे संशय कॉइलवरच.

बॅटरी काढली, कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला आणि भाच्याला सांगितलं, ‘आता उभा राहा.’ हा बिघाड टेबलावर सापडणारच नव्हता. वजन पडलेलं असतानाच मोजायला हवं होतं. पाय नसताना मीटर काहीशे ओहम दाखवत होता. त्यानं पंजा दाबला आणि आकडा एकदम तीस हजारांच्या आसपास गेला. पाय उचलला, पुन्हा काहीशे. मला इतका आनंद झाला की मी त्याला उगाचच आणखी काही वेळा दाबायला लावलं.

भिंग घेऊन पाहिलं. केसापेक्षा बारीक तांब्याची तार टॅगच्या अगदी कडेला तुटली होती, वरच्या लाखेनं दोन्ही टोकं कशीबशी जुळवून धरलेली. वजनानं पत्रा लवला की ती अलग होत. भाचा पेडल पिशवीत टाकून राहुरी फॅक्टरीवरून मोटारसायकलनं ये-जा करतो, आणि उसाच्या ट्रॉल्यांचा तो रस्ता. तार तिथेच थकली असावी.

ब्लेडनं लाख हलकेच खरवडली, टोकाला कथील चढवलं आणि थोडी ढील ठेवून टॅगला पुन्हा डाग दिला. कॉइल पत्र्यावरून काढून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर चिकटवली, बोर्डापर्यंत लवचिक वायर नेली. तळाला आतून आडवी पट्टीही मारली. मग भाचा पूर्ण वजन देऊन उभा राहिला आणि एकच तार छेडून टाच-पंजा, टाच-पंजा करत राहिला. प्रत्येक वेळी वाह येत होतं. आता त्याच्या मित्रालाही असंच पेडल हवंय. त्याची कॉइल मी पहिल्यापासूनच रबरावर बसवणार आहे.