शब्द आणि वारस

वकिलाचा धंदा हा मुळात शब्दांचा धंदा. धारवाडच्या न्यायालयात आम्ही गेली वीस वर्षे तो करीत आहोत. आणि इंग्रजी शब्दांनी आम्हांला जितके फसविले, तितके साक्षीदारांनीही फसविले नसेल.

'बार' हाच शब्द घ्या. मूळ अर्थ आडवा दांडा. न्यायासनापुढचा कठडा तो बार. त्यावरून वकीलवर्गालाही बार म्हणू लागले. मद्यगृहातील कठडाही बारच. 'ते रोज बारमध्ये असतात' असे आमच्याविषयी देवळाच्या ओट्यावर कोणी सहज बोलून गेले, तेव्हा खुलासा करता करता आमची पुरेवाट झाली.

'बेंच' म्हणजे बसायचा बाक. त्यावर न्यायाधीश बसले, म्हणून न्यायपीठही बेंच. उच्च न्यायालयाचे असे बेंच धारवाडला २००८ साली आले आणि २०१३ साली ते कायम झाले. सराफाच्या बाकाला असलेल्या इटालियन नावातून 'बँक' निघाली, ती याच कुळातली. आपल्या कोकणीत पोर्तुगीजांकडून आलेला 'बांक'ही त्याच गोत्राचा.

न्यायालयातले कितीतरी इंग्रजी शब्द मुळात इंग्रजी नव्हेतच. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे तेथील न्यायालयांत फ्रेंच भाषा रुळली. १३६२ च्या कायद्याने इंग्रजीतून युक्तिवाद करण्याची आज्ञा झाली. फ्रेंच शब्द मात्र हटले नाहीत. आपल्याकडे तरी निराळे काय झाले? राज्ये गेली; दावा, फिर्याद, वकील हे शब्द राहिले.

अशाच पाहुण्या शब्दांपैकी एक 'इश्यू'. दाव्यातील वादमुद्दा तो इश्यू, वाचकांच्या हातातला हा अंकही इश्यू, आणि संतती तीही इश्यू. या शब्दामागच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'बाहेर जाणे'. पोटातून बाहेर येते ती संतती, छापखान्यातून बाहेर येतो तो अंक. हे सारे आम्हांला पाठ होते. पण त्या शब्दाचे वजन आम्हांला कळले ते हुबळीस, मावशीच्या माजघरात.

मावशीचे यजमान वारले. घर तिच्या नावावर करण्यासाठी आम्ही इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात नेहमीचे वाक्य होते : 'इश्यूविना मरण पावले.' सही करण्यापूर्वी तिने अर्थ विचारला. 'निःसंतान,' आम्ही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली; मग म्हणाली, "तर मागीर तूं कोण रे?"

आम्ही सहा वर्षांचे असताना शाळेसाठी आईने आम्हांला तिच्याकडे ठेवले, ते तिचेच झालो. पण दत्तक म्हणून देणे-घेणे कधी झाले नाही, आणि १९५६ च्या दत्तक कायद्याला ते प्रत्यक्ष देणे-घेणे लागते. एवढे बोलून आम्ही पांडित्याच्या भरात शब्दाची व्युत्पत्तीही सांगून टाकली. मावशीने ती नीट ऐकून घेतली. "भायर सरलें तें इश्यू, आनी घरांत उरलें तें?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. उलटतपासणीत आम्ही इतके निरुत्तर कधी झालो नव्हतो.

कायद्याचे उत्तर मात्र स्वच्छ होते. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याप्रमाणे, पतीकडून आलेली मिळकत निपुत्रिक विधवेच्या मागे पतीच्या वारसांकडे जाते. बहिणीच्या मुलाचा तेथे संबंध नाही. म्हणून तिने मृत्युपत्र करायचे ठरविले. आमच्याच लाभाचा कागद आम्ही लिहिणे शोभले नसते. तो एका वकीलमित्राने, दोन साक्षीदारांसमक्ष, मावशीला समजेल अशा मराठीत लिहिला. त्या वेळी आम्ही तेथे गेलो नाही.

संध्याकाळी मित्राने सांगितले की मसुद्यात त्याने 'बहिणीचा मुलगा' एवढेच लिहिले होते. मावशीने ते वाचून पुढे 'व मी वाढविलेला माझा मुलगा' असे घालायला लावले. कायद्याच्या दृष्टीने या शब्दांची गरज नाही, असे त्याने तिला समजावून पाहिले. तिने ऐकले नाही.

मृत्युपत्राला इंग्रजीत 'विल' म्हणतात, आणि 'विल' म्हणजे इच्छा. हा शब्द मात्र फ्रेंचांचा नव्हे, अस्सल इंग्रजी आहे. मित्राला आम्ही एवढेच म्हणालो, "राहू दे. इच्छा तिची आहे."