हरभऱ्याच्या शेतातली पाखरं



मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला पाखरांचा भाग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. संडे स्कूलमध्ये मी स्वतः तो मुलांना शिकवला आहे, फळ्यावर चिमणी काढून. माझी चिमणी नेहमी कोंबडीसारखी यायची, पण मुलं समजून घ्यायची. तीन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझी होती आणि भाग हाच होता. मी वाचला नाही. शेजारी बसलेल्या तरुणाच्या हातात पुस्तक दिलं आणि बाहेर जाऊन चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिलो.

माझं शेत जैनाबादला आहे, बुऱ्हाणपूरच्या समोर, तापीच्या पलीकडच्या काठावर. बाहेरचं कुणी आमच्याकडे आलं तर आहूखाना बघायला येतं. 1631 साली मुमताज बेगम बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेण्याआधी सुमारे सहा महिने तिला इथे पुरलं होतं. आम्हाला त्या पडक्या भिंतींपेक्षा केळीची काळजी जास्त. त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी वावधन सुटलं. वीस मिनिटं असेल, जास्त नाही. मृगबाग कापणीला आली होती, सोमवारी व्यापारी येणार होता. सकाळी जाऊन पाहिलं तर तीन एकरांतले खांब घडांसकट एकाच दिशेला आडवे, डोक्यावरून कंगवा फिरवावा तसे. आंब्याची फांदी मोडली तर झाड उरतं, केळीचं तसं नाही. खांब पडला की संपलं. पडलेला घड व्यापारी फुकटातसुद्धा उचलत नाही.

सोसायटीचं कर्ज होतं, ठिबकचे हप्ते होते, मुलीची नर्सिंगची फी होती. अशा माणसाने तिसऱ्या दिवशी मंडळीसमोर उभं राहून सांगायचं की पाखरं नांगरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांचं भागतं! मी तर नांगरलं होतं, लावलं होतं, रात्री-बेरात्री उठून मोटर चालू केली होती.

यातली खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. आमच्या मंडळीची मदतीची वही अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कोण आजारी, कोणाची चूल अडली, कोणाला गहू-तेल पोचवायचं ते मी लिहितो आणि पोचवतो. जुलैत एका दुपारी माझ्याच दारात रिक्षा थांबली. आत गव्हाचं पोतं, तेलाचा डबा आणि त्याच्या बाजूला पाय आखडून बसलेल्या मंडळीतल्या आमच्या मावशी. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या, वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहतात. वहीत त्यांचंही नाव आहे. दर महिन्याला मी त्यांच्याकडे सामान नेतो, आणि आता त्या माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, आमचं बरं चाललंय. हे कुणा गरजूला द्या." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि रिक्षा वळवली. घरात चार दिवसांचं पीठ होतं. ही माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने भुसावळला धाकट्या भावाला फोन केला.

माझा हा मेहुणा रेल्वेत आहे आणि पाखरांपायी वेडा आहे. सुट्टीच्या दिवशी चितमपल्लींचा 'पक्षीकोश' पिशवीत टाकायचा आणि गळ्यात दुर्बीण अडकवून निघायचं, हा त्याचा शिरस्ता. ऑगस्टमध्ये तो मला म्हणाला, "दाजी, तुमच्या घाटावरचं पाणी पुढे कुठे जातं ते तरी बघा." मला उपदेश नको होता, आणि त्याने तो केला नाही, म्हणून गेलो.

आमचं पाणी हतनूरला अडतं. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथून पुढे हे धरण. 1982 साली पूर्ण झालेलं, 41 दरवाज्यांचं. बैतूलकडे आणि आमच्याकडे पाऊस झाला की हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी येते, ती आम्ही पेपरात वाचतो आणि पान उलटतो. समोर उभं राहिल्यावर पोटात गोळा आला. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात पऱ्हाट्या, पत्रे, एक अख्खा केळीचा खांब. पाखरू म्हणाल तर एकही धड दिसलं नाही. मी विचारलं, "हेच दाखवायला आणलंस?" तो म्हणाला, "पाणी काय आणतंय ते बघून ठेवा. खाणारे दिवाळीनंतर येतील."

त्याचं म्हणणं डिसेंबरात कळलं. तापी आणि पूर्णा दर पावसाळ्यात एवढा गाळ आणतात की हतनूरचा बराच भाग त्याने भरला आहे. पाटबंधारेवाल्यांची ती डोकेदुखी, कारण साठा कमी होतो. पण गाळामुळे पाणी उथळ होतं, त्यात पाणवनस्पती, गोगलगायी, किडे वाढतात, आणि लांबलांबून येणाऱ्या पाखरांना नेमकं तेच हवं असतं. म्हणूनच हतनूरचं नाव देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत घेतलं जातं. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्थेची मंडळी तिथे पक्षीगणना करतात. मला मात्र दुसरंच सुचत होतं. या गाळात माझ्या बांधावरून वाहून गेलेली माती असणार. मी ती गेली म्हणून हिशोबातून काढून टाकली होती.

आम्ही पहाटेच्या पॅसेंजरने निंभोऱ्याला उतरून तांदलवाडीच्या बाजूला गेलो होतो. पाण्यावर धुकं होतं, आणि धुक्याच्या आतून आवाज येत होता, लग्नघराच्या मागच्या अंगणातून येतो तसा. ऊन वर आलं तसे एकेक दिसू लागले. पाण्यावर काळे ठिपके होते ते चांदवे. अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून त्यांना वारकरीही म्हणतात. चोचीवर हळद-कुंकू लावलेलं ते हळदी-कुंकू बदक, ते इथलंच. तलवारीसारखी शेपटी असलेलं तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, जोडीजोडीने बसलेले नारिंगी चक्रवाक. काठाच्या चिखलात लाल काटकुळ्या पायांचे शेकाट्ये. एका शेकाट्यावर मी दुर्बीण धरली आणि घड्याळ लावून बघत बसलो. वीस मिनिटांत तो एकदाही थांबला नाही. पाऊल, टोच, पाऊल, टोच. संडे स्कूलच्या चिमणीमुळे माझ्या मनात असं बसलं होतं की पाखरं नुसती फांदीवर बसून गातात आणि देव भरवतो. तिथे तर सूर्योदयापासून मजुरी चालली होती. प्रभूने पाखरांकडे बघायला सांगितलं होतं, आणि मी वीस वर्षं तो भाग न बघता शिकवला होता.

मग डोक्यावरून पट्टकादंब आले. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस. लडाख, तिबेट, मंगोलियाकडे अंडी घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतात. अभ्यासकांनी त्यांना 7000 मीटरपेक्षाही उंचावरून उडताना नोंदवलं आहे. पंचवीस-तीस होते. आमच्यावरून वळले आणि पाण्यावर न उतरता थेट पलीकडच्या हरभऱ्यात उतरले. उतरले ते खाऊ लागले. कोवळे शेंडे, पटापट.

शेतकरी बांधावरच बसला होता. मी त्याला म्हणालो, "भाऊ, हाकलत नाही?"

"हाकलतो. उडतात, त्या टोकाला बसतात. मी त्या टोकाला गेलो की या टोकाला." मग बिडी काढत म्हणाला, "येतात तिकडून हिमालयावरून, देवाच्या भरवशावर. आणि देव त्यांना पाठवतो माझ्या हरभऱ्यात!"

मेहुणा मोठ्याने हसला. मीही हसलो, पण परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्याशेजारीच बसून होतं. स्वर्गातला बाप पाखरांना पोसतो हे खरं, पण तो स्वर्गातून ताट धाडत नाही. कुणाच्या तरी शेतात वाढून ठेवतो. त्या हंसांना शेत कुणाचं याची लाज वाटली नव्हती. मला रिक्षातल्या पोत्याची वाटली होती. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या दारात पोतं ठेवत होतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहिलं होतं का?

रविवारी उपासनेनंतर मावशींकडे गेलो. दारातच म्हणालो, "मावशी, तो गहू…"

"तो तेव्हाच दुसरीकडे गेला," त्या म्हणाल्या. "थांब." आत गेल्या, पत्र्याच्या डब्यातून पीठ काढलं आणि वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिलं. दोन किलो असेल. "एवढंच आहे."

त्यांच्याकडचं एवढंच होतं आणि मी ते घेतलं. हात थरथरत होते. घरी हिने काही न विचारता परात काढली.

इथेच थांबलो असतो तर साक्ष द्यायला बरी गोष्ट झाली असती. पण मी मे महिन्यात पुन्हा हतनूरला गेलो. पाहुणी पाखरं केव्हाच उत्तरेला गेली होती. पाणी मागे सरकलं होतं, उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि मधे वाळूचं एक बेट होतं. त्यावर नदी सुरयांनी अंडी घातली होती. पिवळी चोच, काळी टोपी, अंगाने सडपातळ. घरटं म्हणजे वाळूतली वाटीएवढी खळगी, वर छप्पर नाही. त्या उन्हात नर-मादी आळीपाळीने जाऊन पोट पाण्यात भिजवून आणायची आणि अंड्यांवर बसायची. आम्ही सतरा घरटी मोजली. पंधरा दिवसांनी परत गेलो तेव्हा पाणी आणखी उतरलं होतं. बेटाचं बेटपण संपलं होतं, काठापासून तिथपर्यंत चालत जाता येत होतं, आणि कुत्री चालत गेली होती. वाळूत पंजे होते, टरफलं होती. सुरय वर घिरट्या घालून ओरडत होते. मी खरंच चिडलो. भिजलेलं पोट घेऊन महिनाभर केलेल्या येरझाऱ्या कुणी पाहिल्या होत्या?

त्या रात्री भुसावळला झोप येईना, म्हणून शास्त्र काढलं. सहावा अध्याय नको होता. दहाव्यात प्रभू पुन्हा चिमण्यांचं बोलतो, कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचं. चिमणी पडणार नाही असं त्याने तिथे म्हटलेलं नाही. ती पडते. पित्याला सोडून, त्याच्या नकळत पडत नाही, एवढंच म्हटलं आहे. मी हा भाग नेहमी दिलासा म्हणून वाचला होता. त्या रात्री तो वाचायला अवघड गेला, आणि अजूनही जातो.

मावशींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "माझ्या हातात आलेली सगळीच बाळं जगली का रे?" पुढे काही बोलल्या नाहीत. मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिल्या. मीही एक जुडी ओढून घेतली आणि बसलो.

माझं कर्ज फिटलेलं नाही. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या फीचा एक भाग मंडळीने भरला आणि वहीत त्याची नोंद मी स्वतःच्या अक्षरात केली. गेल्या वर्षी बाग उभी राहिली, भाव मात्र पडला. वावधनाचा महिना आला की आजही संध्याकाळी मी पश्चिमेकडे बघत ओट्यावर बसतो, आणि काळजी करू नये हे माहीत असूनही करतो.

यंदा जानेवारीअखेरीस मावशींना हतनूरला नेलं. त्यांनीच हट्ट धरला होता. मेहुण्याने कुणाची तरी गाडी मागून आणली, काठावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना धरली. पहिली पाच मिनिटं त्यांना नुसतं आभाळ दिसत होतं. मग एकदम म्हणाल्या, "अगं बाई, केवढाले!" पट्टकादंब त्याच हरभऱ्यात होते. आता घाटे धरले होते. तो शेतकरीही तिथेच होता, त्याने मला ओळखलं. म्हाताऱ्या बाईला खुर्चीत बसलेलं पाहून तो शेतात शिरला, हंस थोडे पलीकडे सरकले, आणि टहाळाची एक जुडी उपटून त्याने मावशींच्या मांडीवर ठेवली.

मावशी दुर्बीण बाजूला ठेवून घाटे सोलून खाऊ लागल्या. दाणे कोवळे होते. मी पैसे काढायला खिशात हात घातला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली आणि शेतकऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, गोड आहे हो. गाडीत खायला आणखी थोडा द्याल का?"