दूध कोणाचे, पिणारा कोण?

अणदूरच्या आमच्या गल्लीत दारोदारी काळ्याभोर शेळ्या बांधलेल्या दिसतात. आपल्या जिल्ह्याचे जुने नाव मिरवणारी ही उस्मानाबादी शेळी. तिचे दूध म्हणजे औषधच, अशी येथील वृद्धांची श्रद्धा. माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंचीही.

गेल्या पावसाळ्यात तापातून उठल्यावर त्यांची अन्नावरची वासना उडाली. म्हशीचे दूध जड, म्हणून मी ते बंद केले. सकाळी शेळीचे वाटीभर धारोष्ण दूध आणि रात्री निम्मे पाणी घातलेले गाईचे दूध, असा क्रम ठेवला. सेवेत कसूर नव्हती. तरी दोन महिन्यांत त्यांच्या हातातील पाटल्या कोपराकडे सरकू लागल्या. वजन पाहून डॉक्टरांनी विचारले, "दुधात पाणी किती घालता?" मी निरुत्तर झाले.

त्यांनी मांडलेला हिशेब आपणही ध्यानात ठेवावा. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे ३.२ ग्रॅम प्रथिने, ४.१ ग्रॅम स्निग्धांश आणि ६७ उष्मांक असतात. शेळीच्या दुधात हेच आकडे ३.३, ४.५ आणि ७२. म्हशीच्या दुधात ४.३, ६.५ आणि ११७. कॅल्शियम अनुक्रमे १२०, १७० आणि २१० मिलिग्रॅम. मातेच्या दुधात प्रथिने अवघी १.१ ग्रॅम, पण दुग्धशर्करा ७.४ ग्रॅम, कारण वासराच्या मानाने मानवी बाळ फार सावकाश वाढते. प्रत्येक दूध निसर्गाने त्या त्या पिलासाठी घडविले आहे. आपण ते मागून घेतो, तेव्हा आपली गरज आपणच ओळखावयास हवी. निम्मे पाणी घालून मी सासूबाईंचे निम्मे पोषणच काढून घेतले होते.

शेळीच्या दुधातील स्निग्धकण बारीक असतात, म्हणून ते पचण्यास हलके वाटते. मात्र त्यातील दुग्धशर्करा गाईच्या दुधाइतकीच असते. दुधाने ज्यांचे पोट फुगते त्यांना दूध बदलण्यापेक्षा दही अधिक मानवते. आणि धारोष्ण दूध कोणाचेही असो, ते उकळल्याविना देऊ नये. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा चिवट ताप जडू शकतो. ही जोखीम मी अजाणता रोज पत्करीत होते.

आता सासूबाईंना म्हशीचे उकळलेले, बिनपाण्याचे दूध अर्धा अर्धा कप, दिवसातून तीनदा देते. पहिल्या दिवशी घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आज दूध दुधावानी लागतंय बघ."

आपल्या घरी हेच करावे असे नव्हे. हृदयविकार असेल तर साय काढावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर दुधाचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. मात्र घरातील वृद्ध वाळत चालले असतील, तर कोणत्या जनावराचे दूध श्रेष्ठ हा वाद नंतर घालावा. आधी पेल्यात पाणी किती आहे ते पाहावे.