मोत्याची ताटली

ज्यानें पस्तीस वर्षें परक्यांचीं मुलें वळणावर आणिलीं, त्याच्या हातून अडीच महिन्यांचें एक कुत्र्याचें पिलूं बिघडावें, हें सांगतांना मला संकोच वाटतो. तथापि सांगणें अवश्य आहे. कारण चूक माझी होती, आणि तिची शिक्षा घरांतील सात वर्षांच्या मुलास झाली.

सांगलीस माझ्या धाकट्या बंधूंचें एकत्र कुटुंब आहे. लहानथोर मिळून अकरा माणसें. गेल्या पावसाळ्यांत पुतण्यानें रस्त्यावरून एक पिलूं उचलून आणिलें. आई मोटारीखालीं सांपडलेली, अंगाचा नुसता सांपळा. नांव मोत्या ठेविलें. स्वभावानें मोठें लाघवी. पण समोर ताटली आली कीं तेंच पिलूं निराळें होई. मान ताटलीवर, अंग ताठ, नजर तिरपी, आणि घशांतून अखंड गुरगुर. घास चावणें नाहींच, नुसतें गिळणें. सूनबाईंनीं मला बोलावणें धाडलें, "काका, तुमच्या शिस्तीनें भलेभले द्वाड सरळ झाले; याला तेवढें वळवा."

मी गेलों. घरांत धनी कोण, हें त्याला एकदां कळलें म्हणजे झालें, अशी माझी समजूत. त्याचें खाणें अर्ध्यावर आलें कीं मी ताटली उचलीं. गुरगुरला कीं वर्तमानपत्राच्या सुरळीनें नाकावर एक टोला. चवथ्या दिवशीं गुरगुर थांबली. रात्रीं पंक्तींत बसून मीं हा पराक्रम सर्वांस ऐकविला.

पांचव्या दिवशीं नातवाचा चेंडू घरंगळत ताटलीपाशीं गेला. मुलगा वांकला, आणि आवाज न करतां, कसलीहि सूचना न देतां, मोत्यानें त्याचें बोट धरलें. रक्त आलें नाहीं, पण दांताचा ओरखडा उठला. नळाच्या धारेखालीं साबणानें पंधरा मिनिटें बोट धुऊन त्याला तसेंच दवाखान्यांत नेलें. पिसाळीच्या लशीची पहिली टोचणी त्याच दिवशीं झाली, पुढील टोचण्यांच्या तारखा मिळाल्या. रात्रीं बंधु हलकेच म्हणाले, "दादा, त्याला जेथून आणलें तेथें सोडून येऊं." मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशीं मोत्याला पशुवैद्य बाईंकडे नेलें. सर्व हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "गुरगुरणें म्हणजे त्याचें 'दूर व्हा' हें सांगणें. तें तुम्हीं मारून बंद केलेंत. भीति होती तशीच राहिली. मग दांताखेरीज त्याच्याजवळ उरलें काय?" एका ताटलींत चारपांच पिलें तोंड घालतात, तेथें जो मागें राहील तो उपाशी, शिवाय पोटांत जंत. त्यांनीं जंतांचें औषध दिलें, आणि दिवसांतून चार वेळां ठराविक वेळीं, मागील पडवीच्या कोपऱ्यांत, मुलांस दाराआड ठेवून जेवूं घालण्यास सांगितलें.

आदिपर्वांत सरमेची कथा आहे. तिच्या पिलानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें, तें चाटलें नव्हतें. तरी जनमेजयाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमा येऊन विचारते, याचा अपराध कोणता? त्यांच्याजवळ उत्तर नसतें. ही कथा मीं वर्गांत कितीदां रंगवून सांगितली असेल!

नवी रीत अशी. मोत्या निर्धास्तपणें खाईल इतक्या अंतरावर उभें राहावयाचें. आमच्याकडे तें सहा पावलें निघालें. तेथून ताटलींतल्यापेक्षां सरस असा एखादा तुकडा त्याच्याकडे टाकावयाचा, आणि मुकाट्यानें निघून जावयाचें. बाईंनीं प्रथम उकडलेली कोंबडी सुचविली. त्यावर आमच्या मंडळींत जें मौन पसरलें तें पाहून त्या आपण होऊनच पनीरवर आल्या. पाऊल वाजतांच मोत्या मान वर करून शेपूट हलवूं लागला, तरच एक पाऊल पुढें. अंग ताठलें कीं आपण फार जवळ गेलों असें समजून मागें. ताटलीला हात लावणें नाहीं. (प्रसादाचा शिरा मोत्यालाहि देण्याची घरांतील चाल बाईंनीं बंद करविली, मनुका कुत्र्यांस बाधतात, कांदाहि तसाच.)

माझा पिंड मास्तरचा, अभ्यासक्रम लौकर संपविण्याची खोड जुनी. नवव्या दिवशीं मीं एकदम दोन पावलें टाकलीं. मोत्या जागच्या जागीं थिजला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां सहा पावलांपासून आरंभ. असे पांच आठवडे गेले. आतां मी त्याच्याशेजारीं पाटावर बसतों, आणि भरल्या ताटलींत हातानें तुकडा घातला तरी तो खातच राहतो. बंधूंनीं सोडून येण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं. मुलांनीं त्याच्या जेवणाच्या वेळीं पडवींत यावयाचें नाहीं, हा नियम मात्र अद्याप आहे, आणि तो राहील.

परवां नातू खिडकीच्या गजांशीं उभा राहून पाहत होता. बोट बरें झालें आहे. बराच वेळानें त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्ही त्याला कां मारत होतां?"

मीं ताटलींत पनीरचा आणखी एक तुकडा घातला.