पसंतीक्रम

संसार सांभाळून शिकणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये उठली, आणि चाळिशी ओलांडलेली मीही प्रवेश-अर्जातील पसंतीक्रमापाशी येऊन थांबले.

लालबागच्या आमच्या चाळीपासून परळचे केईएम रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्याला जोडलेले सेठ जी. एस. महाविद्यालय १९२६ पासूनचे. भायखळ्याचे ग्रँट तर १८४५ चे. दोन्ही घराजवळ; परंतु माझे गुण तेथवर पोहोचणारे नव्हते. उरले दोन मार्ग : दूरच्या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालय किंवा मुंबईलगतचे खाजगी. पहिल्यात घर दुरावणार होते. दुसऱ्यात मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेली पुंजी संपणार होती. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची आंतरवासिता पुरी होईपर्यंत सातवीतली ही मुलगी बारावी ओलांडणार होती.

गिरगावच्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्याने मला बळ दिले. मात्र माझा प्रश्न केवळ धैर्याचा नव्हता. पुंजी मुलीची होती. ती खर्चण्याचा अधिकार मला नव्हता. विरह दोघींचा होता. म्हणून तो तिला विचारून स्वीकारला. आजीपाशी राहण्याचे तिने मान्य केले, तेव्हाच दूरचे शासकीय महाविद्यालय मी यादीत वर लिहिले.

प्रौढ वयात शिक्षणाचा मार्ग निवडताना संस्थेच्या नावलौकिकाइतकाच आणखी एक विचार करावा : या निवडीची किंमत कोण मोजणार आहे, आणि त्याला आपण विचारले आहे काय?