गांधीबागेंतील एक परीक्षा

नागपुरांत गांधीबाग म्हटली म्हणजे बाग क्वचितच कोणाच्या डोळ्यांपुढें येते. येतो तो कापडाचा ठोक बाजार. अग्रसेन चौकाच्या मेट्रो स्थानकावरून खालीं उतरून आंत वळलों, तों गाठींनीं लादलेल्या हातगाड्यांनीं वाट अडविली. एका पेढीवर वृद्ध व्यापारी कापडाचा कोपरा अंगठा व तर्जनी यांमध्यें चोळून त्यांतील सुताचें व कृत्रिम धाग्याचें प्रमाण सांगत होते. मिश्र म्हणजे हलकें, असा पुष्कळांचा समज असतो. त्यांचें म्हणणें निराळें. कापूस दरसाल वेगळा येतो, पण गिऱ्हाइकास गेल्या वर्षींचाच पोत हवा असतो. तो मिळवून देणें हेंच मिश्रणाचें कसब.

हें बोलणें मनांत घोळत असतांनाच, त्याच आळींत राहणाऱ्या आमच्या मावसभावाच्या घरीं निराळ्याच मिश्रणाची परीक्षा करण्याचा योग आला. पुण्यास नोकरीवर असलेला त्याचा मुलगा सुटींत आला होता, आणि ‘व्हॅट ६९’ या स्कॉच व्हिस्कीची बाटली त्यानें पिशवींत न लपवितां आजीच्या पुढ्यांत ठेविली होती. त्या घरांत मद्य उघडपणें कधींच आलेलें नव्हतें. मावशींचें माहेर दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यांतलें. शिवाय एका धाकट्या दिरांचा संसार दारूनें उध्वस्त झालेला त्यांनीं याच घरांत पाहिलेला. मुलानें परवाना दाखविला. १९४९ च्या कायद्याप्रमाणें आपल्या राज्यांत तो लागतोच, आणि असल्या कडक मद्यासाठीं वयाचीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. मावशी म्हणाल्या, “सरकारचा कागद तुझ्यापाशींच ठेव. चोरून आणली नाहींस, म्हणून मी येथें बसतें. पण जें व्हायचें तें माझ्यासमोर, आणि आजच्यापुरतें.”

या मद्याचें नांवच मुळीं परीक्षेंतून पडलें, असें सांगतात. एडिंबरोनजीकच्या लीथ बंदरांतील विल्यम सँडरसन यानें १८८२ सालीं शंभर निरनिराळीं मिश्रणें करून जाणत्यांस चाखावयास दिलीं. त्यांनीं कौल दिला तें पिंप ६९ क्रमांकाचें होतें. अशा मिश्रणांत दोन घटक असतात. एक, मोड आणून वाळविलेल्या जवाची, तांब्याच्या भट्टींत गाळलेली माल्ट व्हिस्की. दुसरी गहू किंवा मका यांची, उंच स्तंभयंत्रांत अखंड गाळली जाणारी ग्रेन व्हिस्की. या यंत्राचें पेटंट १८३० सालीं घेणाऱ्या गृहस्थाचें आडनांव कॉफी होतें, ही एक गंमतच! पहिली स्वाद देते, दुसरी सौम्यपणा आणि स्वस्ताई. दोन्हींस स्कॉटलंडांतच ओकच्या पिंपांत निदान तीन वर्षें मुरावें लागतें. आपल्याकडील पुष्कळशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीपासून होते, हा मोठा भेद. बाटलीवरील ४२.८ टक्के हा आंकडाही विलक्षण वाटला. जुन्या ब्रिटिश ‘प्रूफ’ मापाचे ७५ अंश म्हणजेच तो.

ताटांत नागपुरी चिवडा आला होता, तो आम्हीं आधीं दूर सारविला. त्या तिखटानें जीभ एकदां बधिर झाली म्हणजे कसली परीक्षा! दोन चमचे मद्य, तितकेंच पाणी. रंग मधासारखा. पाणी पडतांच वास मोकळा झाला. आधीं व्हॅनिला, मग भिजलेल्या जवाचा गोडवा, आणि अगदीं मागें धुराची पुसट छटा. चवीला आरंभीं गोडी, लागलीच मिऱ्यांसारखी झणझण, शेवटीं किंचित् कडूपणा. आणि सगळें लवकर विरून गेलें. नीट मुरण्यापूर्वींच बाहेर काढल्याची ती तीक्ष्णता लपत नाहीं. तरी बेताच्या किंमतीस हें कापड विरळ असलें तरी खोटें नव्हे, असें आमचें मत झालें.

स्वस्ताईचें कारण असें कीं, हा माल मोठ्या प्रमाणांत येऊन बाटल्यांत येथेंच भरला जातो. विलायतेंतच भरून येणाऱ्या बाटल्यांवरील अबकारी कर महाराष्ट्रानें २०२१ सालीं ३०० वरून १५० टक्क्यांवर आणिला. आणि २०२५ च्या ब्रिटनशीं झालेल्या करारांत १५० टक्के आयातजकात प्रथम ७५ व दहाव्या वर्षीं ४० टक्क्यांवर आणण्याचें ठरलें आहे. म्हणजे असल्या बाटल्या आमच्या घरांच्या उंबरठ्यापर्यंत येणार, हें धरून चालावें. प्रकृतीला निर्धोक असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, हेंही त्याच उंबरठ्यावर सांगावयास हवें.

आम्ही धुराच्या छटेविषयीं बोलत असतां मावशींनीं पेला मागून घेतला, नाकाशीं धरला आणि परत केला. “तुम्हांला यांत काय काय येतें कोण जाणे. मला भावजींच्या खोलीचा वास आला.” मुलानें आपला पेला खालीं ठेविला, त्यांत अजून निम्में होतें. कोणी कांहीं बोललें नाहीं. मावशींनीं बाटलीचें बूच घट्ट बसविलें, ती आपल्या कपाटांत उभी ठेवून कुलूप लाविलें, आणि चिवड्याचें ताट पुन्हा पुढें केलें.