हॉटेलातला उपास



तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी गेलेला आपला माणूस दिवे लागणीला घरी येतो. घरची लक्ष्मी पाण्याचा तांब्या पुढे करून विचारते, "काही खाल्लं का?" तो म्हणतो, "हो, हॉटेलात खाल्लं." मग हातपाय धुऊन तो पानावर बसतो आणि तीन भाकरी कुठे गेल्या ते त्याचे त्यालाही कळत नाही. बाई समजायचे ते समजते, पण बोलत नाही. या "हॉटेलात खाल्लं"विषयी आज तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

मी शेतीचा पदवीधर. शिकलो धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात, आणि नोकरीची तीस वर्षे धुळे-जळगावच्या खेड्यांत विस्ताराच्या कामात गेली. शेताच्या बांधाखालोखाल माझा जास्तीत जास्त वेळ हॉटेलात गेला असेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, कढईत भजी आणि टेबलावर पाण्याचा जग. कचेरीत जो शेतकरी माझ्यासमोर उभा राहून "काही नाही, सहज आलो" म्हणतो, तोच चहाचा कप हातात आला की मोकळा होतो. कपाशीवर पडलेला रोग, भावाशी झालेली वाटणी, सोसायटीचे थकलेले कर्ज, सारे त्या बाकड्यावर निघते. म्हणून हॉटेलाला मी नावे ठेवणार नाही.

आणि खानदेशातल्या हॉटेलात ताटात येते ते तरी कुणाचे? तुमचेच. शेवभाजीतली जाड तिखट शेव तुमच्या हरभऱ्याची. कळण्याची भाकरी तुमच्या ज्वारीची आणि उडदाची. हिवाळ्यात जळगावकडे गेलात तर भरीत. ते वांगे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायचे, लाकडी बडगीत ठेचायचे, मग त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालायची. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या मालावर त्या मातीचे नाव कायद्याने लागले. हे सारे पिकवणारा माणूस मात्र त्याच हॉटेलात कसा बसतो, ते मी एकदा फार जवळून पाहिले.

१९९७ सालचा जून महिना होता. बीटी कपाशी आली २००२ साली, त्याआधीची ही गोष्ट. धुळे तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी, त्यांना सारे आबा म्हणत, मला म्हणाले, "साहेब, बियाणं घ्यायला बरोबर चला. मागच्या साली फसलो." मी गेलो. आग्रा रोडजवळच्या गल्लीत आम्ही दुकाने पाहिली, पिशवीवरचा लॉट नंबर आणि मुदत तपासली, पक्की पावती घेतली. पावती मी माझ्या फायलीत ठेवली. ऊन डोक्यावर आले होते. आबा म्हणाले, "चला, आता जेवण."

हॉटेलात बसल्यावर आबांनी माझ्यासाठी शेवभाजी आणि भाकरी मागवली. स्वतःसाठी फक्त अर्धा कप चहा. मी विचारले तर म्हणाले, "तुम्ही जेवा साहेब. आज मना उपास शे." मी तरुण होतो, भूक लागलेली होती. वाटीभर रस्सा आणखी मागून घेतला. पैसे द्यायला हात खिशात घातला, तर आबांनी तो धरला. मीही फार ओढाताण केली नाही. खरे सांगायचे तर साहेबाच्या चहा-जेवणाचे पैसे शेतकऱ्याने द्यायचे, याची मला तोवर सवय झाली होती.

निरोप घेऊन मी निघालो आणि थोड्या वेळाने लक्षात आले की पावती माझ्याच फायलीत राहिली. उद्या बियाणे उगवले नाही तर ही पावतीच कामाला येणार. तसाच एस. टी. स्टँडवर धावलो. आबांची गाडी लागायची होती. फलाटाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून ते बसले होते. मांडीवर फडके, फडक्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा.

मला पाहून त्यांनी फडके झाकायचा प्रयत्न केला. मी काहीच बोललो नाही. तेच म्हणाले, "साहेब, दोघांचं जेवण घेतलं असतं तर गाडीभाडं राहिलं नसतं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी चतकोर भाकरी माझ्या हातावर ठेवली. पोट भरलेले असूनही ती मी खाल्ली, कारण नाही म्हणायचे तोंड मला उरले नव्हते. त्या दिवसापासून शेतकऱ्याबरोबर हॉटेलात गेलो की माझे पैसे मी देतो, आणि समोरचा जेवल्याशिवाय मी जेवत नाही.

बंधूंनो, आबांनी असे का केले असेल? घरी आलेल्याला जेवू घालायचे हा आपला धर्म आहे आणि तो चांगला आहे. पण धुळे-जळगावचे हॉटेल हे आपले घर नव्हे. तिथे आपणच परगावचे, आपणच अडलेले, तरी यजमान आपणच होतो. साहेब, कारकून, दलाल, टेम्पोवाला, जो भेटेल त्याला "चला, चहा घेऊ." पुष्कळदा त्यामागे प्रेम असते. पण कधी कधी, चहा पाजला नाही तर काम अडेल, ही भीतीही असते. ती भीती सोडा. २०१५ सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे, अधिसूचित केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा तुमचा हक्क आहे. मुदत टळली तर अपील करता येते. त्यासाठी शेवभाजी लागत नाही.

दुसरे उदाहरण सांगतो. मागच्या वर्षी माझी मुलगी मला जळगावातल्या एका नव्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या एका कपाच्या पैशात आपल्या हॉटेलात एक माणूस जेवून उठेल. मनातून मी कुरकुरत होतो. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पाच मुले होती, बोलण्यावरून तीन तरी खेड्यातली. उठताना त्यांनी बिलाचे चार भाग केले आणि ज्याने त्याने आपला भाग मोबाइलवरून भरला. एकाने काही घेतलेच नव्हते, तर त्याचा भाग कुणी धरला नाही आणि त्याला कुणी हसलेही नाही. आधी मला ते कोरडे वाटले. मग आबांची आठवण झाली. ही रीत त्या दिवशी धुळ्यात असती, तर आबा भिंतीकडे तोंड करून जेवले नसते.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. बाजाराला, दवाखान्याला, कचेरीत जाताना जेवणाचे पैसे गाडीभाड्यासारखे वेगळे बांधा. बसण्याआधी भाव विचारा, त्यात कमीपणा नाही. कढईतले तेल काळे आणि फेसाळ दिसले तर भज्याचा मोह सोडा. घरची भाकरी नेली असेल तर फडके झाकू नका. पुष्कळ ठिकाणी नुसती भाजी किंवा रस्सा विकत मिळतो, तो मागा आणि बाकड्यावर ताठ बसून खा. आणि कारभारीण बरोबर असेल तर तिला स्टँडवर पिशव्या राखत बसवून स्वतः चहा पिऊन येऊ नका. भूक तिलाही लागते.

आणि भगिनींनो, तुम्हालाही एक विनंती. तुमचा माणूस शहरातून आला की "खाल्लं का?" असे विचारू नका. त्याला तो "हो" म्हणून मोकळा होतो. "काय खाल्लं?" असे विचारा.